घरात येणाऱ्या तारा

घरी लँडलाइन ठेवावी की इंटरनेटवरून बोलावे, आणि टीव्हीची केबल चालू ठेवावी की तोडून टाकावी, हा प्रश्न आज बहुतेक मध्यमवर्गीय घरांत महिन्याच्या बिलांसमोर बसून सोडवला जातो. त्यात वावगे काही नाही. बिल ज्याला भरावयाचे त्याने बेरीज-वजाबाकी करावी हे ओघानेच आले. परंतु कोणती तार ठेवावी असे विचारण्याचा अधिकार आपल्याकडील घरांना फार उशिरा मिळाला, आणि तो मिळेपर्यंतचा इतिहास दरांपेक्षा व्याख्यांचा अधिक आहे, असे आम्हांस वाटते. एखाद्या शब्दाचा अर्थ कुठवर ताणता येतो, तो कोण ताणतो आणि कोणासाठी, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाहीत. म्हणूनच दूरसंचार अभियंत्यांच्या प्रांतात आम्ही थोडी घुसखोरी करीत आहोत.

या इतिहासाचा आरंभ लंडनमधील एका खटल्यापासून करावा लागतो. ग्रॅहम बेलला टेलिफोनचे पेटंट 1876 मध्ये मिळाले. तत्पूर्वीच, 1869 च्या कायद्याने, ब्रिटनमधील तारायंत्राचा मक्ता पोस्ट खात्याकडे गेला होता. एडिसनच्या नावाने लंडनमध्ये टेलिफोन कंपनी निघाली तेव्हा सरकारने तिला न्यायालयात खेचले. कंपनीचे म्हणणे मोठे रोचक होते. तार म्हणजे संकेत. टेलिफोनवर तर प्रत्यक्ष माणसाचा आवाज जातो. शिवाय कायदा झाला तेव्हा टेलिफोन अस्तित्वातच नव्हता, मग तो त्या कायद्यात कसा बसेल? ‘टेलिग्राफ’ या शब्दाची फोड ‘दूर-लेखन’ अशी होते हे ध्यानात घेतले तर युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. न्यायालयाने तो मानला नाही. विजेच्या साहाय्याने दूरवर निरोप पोहोचविणारे ते सारे ‘टेलिग्राफ’, पुढे काय शोध लागतील हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही, असा निर्णय 1880 च्या डिसेंबरात झाला.

तो निर्णय देणारे न्यायमूर्ती होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हे गृहस्थ आपल्याला अनोळखी नाहीत. 1869 ते 1872 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात विधी सदस्य होते आणि 1872 चा भारतीय पुरावा कायदा त्यांच्याच हातचा. (इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक धागा: व्हर्जिनिया वुल्फचे ते सख्खे काका. भाषेच्या काटेकोरपणाचा वारसा त्या घराण्यात असा दोन दिशांना गेला.) स्टीफनसाहेबांनी एका शब्दाची कूस जी रुंदावून ठेवली, तिच्यात पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या घरी येणारी प्रत्येक तार सामावली जाणार होती.

आपल्याकडे 28 जानेवारी 1882 रोजी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे टेलिफोन एक्स्चेंजे सुरू झाली. ती सरकारी नव्हती. आदल्या वर्षी इंग्लंडच्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना मिळाला होता आणि मुंबईचा फोन त्यानंतर सुमारे साठ वर्षे खासगी कंपनीच्याच हाती राहिला. खासगी टेलिफोन ही 1990 नंतरच्या उदारीकरणाची देणगी आहे असे सर्रास बोलले जाते, त्यासाठी ही आठवण करून द्यावी लागते. सरकारने मुंबई, कलकत्ता व मद्रासच्या यंत्रणा विकत घेतल्या त्या 1943 मध्ये, ऐन महायुद्धात. मात्र फोन कोणीही चालवो, तो चालविण्याची मुखत्यारी कोणाची याचा निवाडा 1885 च्या भारतीय तार कायद्याने आधीच करून ठेवला होता. त्या कायद्याचे चौथे कलम सांगते की तारा उभारण्याचा, राखण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारचा. इतरांनी ते काम करावयाचे ते परवान्याने. त्यामुळे घरात फोन घेणे ही आपल्याकडे खरेदी कधी नव्हतीच. तो अर्ज होता.

आणि अर्ज म्हटला की रांग आली. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशात चालू टेलिफोन एक लाखाच्या आत होते. पुढील चार दशकांत मागणी आणि पुरवठा यांची गाठ कधी पडली नाही. मोठी अनामत भरून पुढचा क्रमांक मिळविण्यासाठी ‘ओन युवर टेलिफोन’ नावाची योजना होती. नाव ‘स्वतःच्या मालकीचा टेलिफोन’ असे असले तरी उपकरण, तार आणि क्रमांक खात्याचेच राहत. 1980 च्या आसपास दळणवळण मंत्री सी. एम. स्टीफन यांनी फोन ही चैन आहे, ज्यांना सेवा पसंत नसेल त्यांनी तो खुशाल परत करावा, अशा आशयाचे उत्तर दिल्याचे वारंवार उद्धृत केले जाते. योगायोग असा की हेही स्टीफनच. पहिल्या स्टीफनने फोनला तारेच्या व्याख्येत बसविले, दुसऱ्याने त्याला गरजेच्या व्याख्येतून बाहेर काढले.

दुर्मिळतेमुळे या तारेभोवती जी एक गृहसंस्कृती तयार झाली तिची नोंद आपल्या वाङ्मयाने पुरेशी घेतलेली नाही, अशी आमची तक्रार आहे. फोन दिवाणखान्यात असे, बहुधा तिपाईवर, त्यावर क्रोशाने विणलेला रुमाल, आणि डायलच्या एका भोकात अडकविलेले चिमुकले कुलूप. शेजाऱ्यांच्या फोनचा क्रमांक आपल्या लग्नपत्रिकेवर छापून त्यापुढे कंसात ‘पी. पी.’ लिहिण्याची रीत होती. ‘पर्टिक्युलर पर्सन’ या ट्रंक कॉलच्या परिभाषेतून आलेली ती दोन अक्षरे म्हणजे शेजारधर्माची छापील कबुलीच. ज्या घरी फोन, त्या घरातील मुलांना जिन्यावरून धावत जाऊन ‘काकू, तुमचा फोन’ असे ओरडण्याचे काम आपसूक लागे. त्याच पत्रिकांवर ‘दूरध्वनी’ हा शब्द असे. सावरकरांच्या भाषाशुद्धीतील शब्दांत तो गणला जातो. छापताना दूरध्वनी आणि बोलताना फोन, ही विभागणी मराठी घरांनी कुणाच्याही सूचनेशिवाय पाळली.

या फोनचा क्रमांक व्यक्तीचा नव्हता, घराचा होता. फोन उचलणारा आणि ज्याच्यासाठी फोन आला तो, हे दोघे भिन्न असण्याची शक्यता गृहीत धरूनच बोलणे सुरू होई. ‘कोण बोलतंय?’ या प्रश्नाला त्या काळी उत्तर लागत असे. याच्या आठवणीने गहिवरणारे लेख अलीकडे पुष्कळ येतात. आमचा सूर त्यांच्यात मिसळत नाही. दिवाणखान्यातील फोनवर घरातील मुलीला किंवा सुनेला मनातले बोलता येत नसे. चार कान तिच्याकडे लागलेले असत. सासरी गेलेली मुलगी आईला ‘सगळं ठीक आहे’ म्हणे तेव्हा ते ठीक आहे की नाही हे आईने आवाजाच्या पट्टीवरून ओळखावयाचे. उलट, ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांना 1980 च्या दशकाअखेर निघालेल्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमध्ये, काचेच्या दाराआड, अधिक एकांत लाभला असणे शक्य आहे. ग्राहकाने स्वतः क्रमांक फिरवून दुसऱ्या शहरात बोलण्याची सोय 1960 मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाली होती खरी, पण ती सामान्यांच्या हाती आली या बूथमुळे. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून त्या वेळी बूथपुढे रांगा लागत. वसतिगृहातले विद्यार्थी, गावाकडे निरोप धाडणारे कामगार, नोकरीसाठी परगावी राहिलेल्या स्त्रिया यांच्या रात्रीच्या त्या रांगेवर एक चांगली कादंबरी होऊ शकली असती.

दुसरी तार मात्र अर्जाविना आली. मुंबईतील इमारतींमध्ये 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धातच एका व्हीसीआरवरून अनेक घरांत सिनेमा दाखविण्याचे धंदे सुरू झाले होते. 1991 च्या आखाती युद्धाने उपग्रहावरून येणाऱ्या चित्रांची ओढ लावली, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, 2 ऑक्टोबर 1992 रोजी झी. गच्चीवर तबकडी बसवावी, तेथून जाड काळी वायर झाडांवरून, विजेच्या खांबांवरून, एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीपासून दुसरीच्या टाकीपर्यंत ओढावी, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारोदार पैसे गोळा करावे, एवढाच तो कारभार. केबलवाला गल्लीतलाच असे. त्याचे स्वतःचे एक चॅनेल असे. त्यावर रात्री नवा सिनेमा, गणपतीत मंडळाची आरती आणि एरवी नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. फोनची तार दिल्लीच्या कृपेने येत होती, ही गल्लीच्या भरवशावर.

तिलाही व्याख्येने गाठलेच. राजस्थानात जिल्हा प्रशासनाने केबलचालकांवर बंदी घातली तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि 1993 च्या शिव केबल खटल्यात, तबकडी व तिच्यापासून निघणारे जाळे 1885 च्या तार कायद्याखाली येते, परवान्याशिवाय ते चालविता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. लंडनमधील 1880 चा युक्तिवाद मारवाडात पुन्हा अवतरला होता. त्याच सुमारास हिरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात जुंपली. चौथ्या कलमातील ‘अनन्य अधिकार’ म्हणजे आकाशलहरींची मालकी की नुसते विश्वस्तपण, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये निकाल दिला की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि त्यांचे नियमन लोकांच्या माहितीच्या व अभिव्यक्तीच्या हक्कासाठी व्हावयास हवे. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे. मराठी वाचकांनी सावंतांना या एका निकालासाठी जरी स्मरणात ठेवले तरी ते उचित होईल. सरकारची मक्तेदारी ही लोकांची मालकी नव्हे, इतकी साधी गोष्ट सांगावयास तार कायद्याला एकशे दहा वर्षे लागली.

केबलचा कायदाही 1995 मध्येच झाला. त्यान्वये 2025 पर्यंत केबलचालकाला आपली नोंदणी करावी लागे ती मुख्य टपाल कार्यालयात. या तपशिलापाशी आम्ही थोडे रेंगाळतो. उपग्रहावरून उतरणाऱ्या शेकडो वाहिन्यांच्या व्यापाराची नोंद हेड पोस्टमास्तर ठेवीत, यात विनोद होताच. पण राज्यसंस्थेची स्मृती कशी चालते याचे ते उत्तम उदाहरणही आहे. नवी तार आली की सरकारचा हात आपोआप जुन्या टपाल-तार खात्याच्या कपाटाकडे जातो.

पुढची हकीकत झरझर सांगून टाकण्याजोगी आहे. केबलवाला घरे दाखवी कमी आणि जोडी अधिक. वाहिन्या, सरकार आणि चालक यांच्यात त्यावरून कायमची धुसफूस. उपाय म्हणून सेट टॉप बॉक्स आणण्याचे ठरले. तो 2007 च्या आरंभी दक्षिण मुंबईत सक्तीचा झाला (मूळ संच 77 रुपये, सशुल्क वाहिनी प्रत्येकी 5 रुपये), साऱ्या मुंबईत 2012 च्या अखेरीस. फेब्रुवारी 2019 पासून ‘हवी ती वाहिनी निवडा’ अशी पद्धत लागू झाली. तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी 130 रुपये व कर होता, वर ज्या सशुल्क वाहिन्या निवडाव्यात त्यांचे वेगळे. निवड हा शब्द नियमांत ग्राहकाच्या बाजूने आला, आणि नेमक्या त्याच काळात तरुण घरे केबल तोडू लागली होती. आम्हांस खेद आहे तो एका वेगळ्याच गोष्टीचा. अल्फा मराठी (1999) आणि ई टीव्ही मराठी (2000) यांना घराघरांत नेले ते गल्लीतल्या याच काळ्या वायरीने. मराठी मालिकांच्या गुणवत्तेविषयी काय म्हणावयाचे ते म्हणावे, पण तिन्हीसांजेला एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच शीर्षकगीत ऐकू येणे ही एका भाषकसमूहाची सामायिक घटना होती. मोबाइलवर ज्याने त्याने आपापल्या वेळी मालिका पाहिली तर कथा तीच उरते, समूह उरत नाही.

तिसऱ्या तारेला स्वतःची तारच नाही, म्हणून तिच्यापुढे व्याख्या सर्वाधिक गोंधळली. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्यावरून बोलताही येते हे लोकांना लवकरच कळले. अमेरिकेत मुले असलेल्या पुण्या-मुंबईच्या आईवडिलांना त्याचे मोल सांगावयास नको. मिनिटाला जितके रुपये पडत तितक्या वेळा घड्याळाकडे पाहून बोलण्याची त्यांना सवय झाली होती. पण 1999 च्या नव्या दूरसंचार धोरणात स्पष्ट लिहिले होते की इंटरनेटवरील दूरध्वनीला तूर्त परवानगी नाही. पत्र पाठवा, चित्र पाठवा, आवाज पाठवू नका! परदेशी फोनच्या उत्पन्नावर सरकारी कंपनीचा डोलारा उभा होता हे त्यामागचे उघड गुपित. 1 एप्रिल 2002 पासून सवलत मिळाली तीही अर्धीमुर्धी. संगणकावरून संगणकाशी बोला, संगणकावरून परदेशातील फोनशी बोला, पण संगणकावरून आपल्याच देशातील फोनवर बोलू नका. म्हणजे दादरच्या माणसाने इंटरनेटवरून न्यू जर्सीतील फोन वाजविला तर कायदेशीर, ठाण्यातला वाजविला तर गुन्हा. एखाद्या नाटककाराने हे रचले असते तर आपण त्यास अतिरंजित म्हटले असते.

तिकडे 2003 मध्ये स्काइप आले. अमेरिकेत व्होनेजसारख्या कंपन्या नेहमीच्या फोनलाच इंटरनेटची जोड देऊ लागल्या, आणि 2009 मध्ये त्याच कंपनीने महिना 25 डॉलरच्या आत भारतासह साठ देशांशी अमर्याद बोलण्याची सोय केली. तेथील कित्येक मराठी घरांनी जुनी लँडलाइन काढून टाकण्याचे धाडस केले ते यामुळे. आपल्याकडे देशांतर्गत बंधन पुरते सुटावयास 2018 उजाडावे लागले. त्या वर्षी भारत संचार निगमने ‘विंग्ज’ नावाने मोबाइलमधील ॲपवर चालणारा, वर्षाला 1099 रुपयांचा इंटरनेट फोन जाहीर केला. तोपर्यंत व्हॉट्सॲपवरील बोलण्याने (तेही 2015 पासून) हा प्रश्न बाजारात परस्पर सोडवून टाकला होता. तार कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा 2023 मध्ये संमत झाला, तेव्हाही व्हॉट्सॲपवरचे संभाषण त्याच्या व्याख्येत बसते की नाही यावर पंडितांत वाद झालेच. स्टीफनसाहेबांना ते ओळखीचे वाटले असते.

मग ठेवावे काय? आमच्या मते निर्णय घेताना एक गोष्ट बिलात छापलेली नसते, ती पाहावी. जुन्या तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येत असे. एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांचा 48 व्होल्टचा पुरवठा फोनला पुरत असल्यामुळे घरातील दिवे गेले तरी डायल टोन कायम राही. 2005 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने जे दीर्घ भारनियमन सोसले, त्या अंधारात ग्रामीण भागातील डॉक्टरांच्या घरचा हा फोन चालू असे, आणि हे श्रेय त्याला कोणी दिले नाही. इंटरनेटवरचा फोन घरच्या विजेवर चालतो. राउटर बंद, की फोन बंद. दुसरे, जुन्या क्रमांकाला पत्ता होता. अमेरिकेत इंटरनेट फोनवरून मदतीसाठी केलेला पुकारा पोहोचला नाही अशी प्रकरणे घडल्यावर 2005 मध्ये तेथील नियामकांना या कंपन्यांवर आपत्कालीन सेवेची सक्ती करावी लागली. ज्या घरी एकटे वृद्ध राहतात, ज्यांना स्क्रीनवर बोट सरकवून फोन उचलणे जमत नाही, त्या घरांत आकडे जुळविण्यापूर्वी या दोन गोष्टींचा विचार व्हावा. निदान राउटरला बॅटरीची जोड द्यावी. बाकी ठिकाणी तांब्याची तार भावनेपोटी ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. आणि खात्यानेही ती पुष्कळ ठिकाणी दुरुस्त करणे सोडून दिले आहे.

गंमत अशी की सरकारी आकड्यांत लँडलाइन मेलेली नाही. 2006 च्या सुमारास देशात चार कोटींच्या वर असलेली ही जोडणी 2020 पर्यंत दोन कोटींच्या आसपास घसरली, आणि मग पुन्हा चढू लागली. 2024 च्या अखेरीस ती साडेतीन कोटींच्या पुढे गेली होती. कारण सप्टेंबर 2019 मध्ये जिओफायबरने काचेच्या एकाच तंतूतून इंटरनेट, टीव्ही आणि फोन असे तिन्ही देऊ केले, इतरांचेही तसेच. इंटरनेट घेणाऱ्याला लँडलाइनचा क्रमांक आपसूक मिळतो, आणि गणनेत तो ‘वायरलाइन’ ग्राहक धरला जातो. ऑगस्ट 2022 मध्ये जिओने या गणनेत भारत संचार निगमला मागे टाकले. तीन तारांतली निवड आपण करीत असतानाच तिन्ही एका वेष्टनात आल्या आणि ‘लँडलाइन’ या शब्दाखालील वस्तूच बदलली. शब्द तसाच राहिला.

आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत त्या राउटरच्या फोनच्या खाचेला काहीही जोडलेले नाही. यंत्र वेगळे विकत आणावे लागते, ते कोणी आणत नाही. कंपनीच्या ॲपमधून हा घरचा क्रमांक मोबाइलवर घेता येतो. तसा तो घेतला की घराला आलेला फोन घरातील कोणा एकाच्या खिशात वाजतो, आणि तो कोणाच्या खिशात वाजावा हे ठरविताना घरोघरी पुन्हा ‘कर्ता पुरुष कोण’ ही जुनीच चर्चा होते.